जुन्या गोव्याचे लाल चर्च आणि उतरवलेला गिलावा
(संत फ्रान्सिस झेवियर यांच्या सणानिमित्त)



येत्या ३ डिसेंबरला आपण संत फ्रान्सिस झेवियर यांचा सण साजरा करणार आहोत. आपल्या धर्मग्रामातील काही कुटुंबे यंदाही जुन्या गोव्याच्या यात्रेची तयारी करीत आहेत. रात्री वारज्याच्या महामार्गावर गाडीत बसायचे, सातारा आणि कोल्हापूर मागे टाकायचे, घाट उतरायचा आणि सकाळी मांडवी नदीच्या काठी जुन्या गोव्यात पाय ठेवायचे, असा हा प्रवास आहे. प्रवासाची तयारी आपण नीट करतो. डबा, पांघरूण, औषधे, मुलांचे स्वेटर, काही विसरत नाही. पण ज्या देवालयात आपण जाणार, त्याची ओळख करून घ्यायची मात्र राहून जाते. म्हणून या रविवारी हा छोटा पाठ.

मागच्या एका यात्रेत आम्ही बॉम जीझस बॅसिलिकेसमोरच्या अंगणात उभे होतो. आपल्याच धर्मग्रामातील एक आजी बराच वेळ भिंतीकडे पाहत होत्या. त्या म्हणाल्या, "फादर, समोरचं मोठं चर्च पांढरं, त्याच्या बाजूचंही पांढरं. हेच एकटं लाल कसं? याला गिलावा करायचा राहिला का?"

आम्ही सांगितले, "आजी, राहिला नाही. होता तो काढला."

आजींचे आयुष्य नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यात मातीच्या घरात गेलेले. त्या लगेच म्हणाल्या, "काढला? अहो, मग पाऊस भिंत खातो की!"

वास्तुशास्त्राची जाडजूड पुस्तके वाचून जे कळते, ते आजींनी एका वाक्यात सांगितले होते. त्या वाक्याचा अर्थ नीट समजावा म्हणून आपण या चर्चचा इतिहास पाहू, त्याची बांधणी पाहू आणि शेवटी पुन्हा आजींच्या प्रश्नाकडे येऊ.

१. चर्च कोणी बांधले?

पोर्तुगीजांनी १५१० मध्ये विजापूरच्या आदिलशाहीकडून गोवा घेतले. पुढच्या शंभर वर्षांत मांडवीच्या काठचे हे शहर पूर्वेकडील पोर्तुगीज सत्तेची राजधानी म्हणून भरभराटीला आले. संत फ्रान्सिस झेवियर ६ मे १५४२ रोजी याच शहरात उतरले. येशूसंघाच्या पहिल्या सोबत्यांपैकी ते एक. त्यानंतर अवघ्या दहा वर्षांत त्यांनी भारताचा किनारा, मलाक्का, मोलुक्का बेटे आणि जपान एवढा प्रवास केला. आपल्या वसईलाही त्यांचे पाय लागले आहेत. चीनमध्ये जाण्याची वाट पाहत असताना ३ डिसेंबर १५५२ रोजी सँशियन बेटावर त्यांचे निधन झाले. तेव्हा त्यांचे वय ४६ वर्षांचे होते.

त्यांचे शरीर आधी मलाक्काला आणि तेथून मार्च १५५४ मध्ये गोव्याला आणले गेले. एक गोष्ट ध्यानात घ्या. बॉम जीझस चर्च तेव्हा अस्तित्वातच नव्हते. शरीर सेंट पॉल महाविद्यालयात ठेवले होते. चर्चच्या बांधकामाला सुरुवात झाली २४ नोव्हेंबर १५९४ रोजी. दोम जेरोनिमो मास्कारेन्हास नावाचा कोचीनचा कप्तान १५९३ मध्ये वारला, आणि त्याने मागे ठेवलेल्या संपत्तीतून खर्चाचा मोठा भाग उचलला गेला. आत गेल्यावर मुख्य सभागृहात प्रवचनपीठाच्या समोरच्या बाजूला त्याचे स्मारक दिसते. १५ मे १६०५ रोजी महागुरू आलेइशो द मेनेझिस यांनी चर्चचे पवित्रीकरण केले.

म्हणजे हे देवालय संताच्या शरीरासाठी बांधलेले नाही. ते बाळ येशूच्या नावाने बांधले. 'बॉम जीझस' म्हणजे 'भला येशू'. १२ मार्च १६२२ रोजी रोममध्ये झेवियर यांना संतपद मिळाले आणि १६२४ मध्ये त्यांचे शरीर या चर्चमध्ये आणले गेले. घर येशूचे आहे आणि संत त्या घरातला पाहुणा आहे. दर्शनाच्या रांगेत उभे असताना हा क्रम विसरू नये.

१७५९ मध्ये पोर्तुगीज सरकारने येशूसंघीयांना आपल्या मुलखातून हाकलले. ज्यांनी चर्च बांधले त्यांच्याच हातून ते गेले. शहरालाही साथीच्या रोगांनी ग्रासले होते. लोक निघून गेले, आणि १८४३ मध्ये पणजी ही अधिकृत राजधानी झाली. तरीही हे चर्च उभे राहिले. कारण यात्रेकरूंची वाट बंद झाली नाही.

याच्या उलट उदाहरणही तेथेच आहे. बॅसिलिकेपासून थोड्याच अंतरावर टेकडीवर सेंट ऑगस्टीन चर्चचा मोडका मनोरा उभा आहे. तोही जांभ्याचाच. १८३५ मध्ये पोर्तुगीज सरकारने धर्मसंघ बंद केले आणि तो मठ ओस पडला. १८४२ मध्ये चर्चचे छत कोसळले. आज चार मजली मनोऱ्याचा एक भाग तेवढा उरला आहे. यात्रेला जाल तेव्हा मुलांना घेऊन तेथेही जा. माणसे जायची थांबली की देवालयाचे काय होते, हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

पुण्याच्या लोकांना हे अगदी परके वाटू नये. आपल्या शहरातले सर्वांत जुने चर्च म्हणजे क्वार्टर गेटजवळचे निष्कलंक गर्भसंभवाचे मंदिर. आपण त्याला सिटी चर्च म्हणतो. सवाई माधवराव पेशव्यांनी दिलेल्या जागेवर १७९२ मध्ये ते सुरू झाले. पेशव्यांच्या फौजेत चाकरीला असलेल्या कॅथलिक शिपायांना उपासनेसाठी जागा हवी होती. तेही देवालय आज उभे आहे ते तेथे प्रार्थना चालू राहिली म्हणूनच.

२. दर्शनी भिंत वाचू या

पूर्वी बहुतेक लोकांना अक्षरओळख नव्हती. त्यांच्यासाठी चर्चची भिंत हेच पुस्तक होते. बॉम जीझसची दर्शनी भिंत खालून वर वाचायची. तळाशी तीन दरवाजे आहेत, मधला मोठा आणि बाजूचे दोन लहान. त्यांच्यावर तीन मोठ्या खिडक्या. त्यांच्यावर तीन गोल खिडक्या. आणि सर्वांत वर मधोमध एक चौकोनी भाग, त्याच्या नक्षीत 'आय-एच-एस' ही तीन अक्षरे. ग्रीक भाषेत येशूचे नाव लिहिताना जी पहिली तीन अक्षरे येतात, ती ही. येशूसंघाची तीच मुद्रा आहे.

दरवाजे आपल्या उंचीचे, आपल्यासाठी. खिडक्या प्रकाशासाठी. आणि सगळ्यांच्या वर येशूचे नाव. पायरीपासून नजर वर नेली की भिंत आपल्याला नेमके तेथेच पोचवते.

आता दगड पाहा. भिंतीचा मुख्य दगड जांभा आहे. कोकणातले लोक त्याला चिरा म्हणतात. खाणीतून काढताना तो मऊ असतो, कुऱ्हाडीने तासता येतो आणि उघड्यावर ठेवला की कठीण होतो. बांधायला सोपा, स्वस्त आणि हाताशी असलेला. पण त्याच्या अंगात बारीक छिद्रे असतात, तो पाणी पितो. शिवाय त्यावर बारीक कोरीवकाम टिकत नाही. म्हणून दर्शनी भिंतीवरचे खांब, चौकटी आणि नक्षीचे भाग यांसाठी वेगळा दगड वापरला आहे. तो म्हणजे काळा बसाल्ट, आणि तो आणला होता आपल्या वसईहून, समुद्रमार्गे.

हे वाचून आपल्या मनाला बरे वाटले पाहिजे. ज्या काळ्या पाषाणावर आपले पुणे वसले आहे, ज्याचे डोंगर आपल्याला वारज्यातून रोज दिसतात, त्याच जातीचा दगड जुन्या गोव्यात येशूच्या नावाभोवतीची नक्षी धरून उभा आहे. गोव्याचा चिरा आणि वसईचा बसाल्ट. एकाने भार घ्यायचा, दुसऱ्याने कोरीवकाम. संत पेत्राने आपल्या पत्रात विश्वासणाऱ्यांना जिवंत दगडांची उपमा दिली आहे. ती वाचताना आम्हांला नेहमी ही भिंत आठवते. सगळे दगड एका खाणीतले नसतात आणि सगळ्यांना एकच काम नसते. धर्मग्रामात कोणी गातो, कोणी खुर्च्या मांडतो, कोणी आजाऱ्यांना भेटतो. गाणाऱ्याने खुर्च्या मांडणाऱ्याला कमी लेखू नये.

३. आत गेल्यावर

आत पाऊल टाकले की मोकळी, लांब जागा दिसते. सभागृह एकच आहे, बाजूला खांबांच्या ओळी नाहीत. त्यामुळे कोठेही बसलात तरी मुख्य वेदी दिसते आणि प्रवचन ऐकू येते. येशूसंघीयांना हेच हवे होते. लोकांनी शब्द ऐकावा आणि वेदीवरचा विधी पाहावा. प्रवचनपीठ भिंतीला उंचावर आहे. त्याच्या लाकडावर प्रभू येशू, चार शुभवर्तमानकार आणि ख्रिस्तसभेचे चार आचार्य कोरले आहेत.

मुख्य वेदीमागे सोनेरी मुलामा दिलेले प्रचंड लाकडी काम आहे. तेथे येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस यांची मोठी मूर्ती आहे. त्यांची नजर कोठे आहे ते पाहा. ते आपल्याकडे पाहत नाहीत. त्यांची नजर वर आहे, 'आय-एच-एस' अक्षरे असलेल्या तेजोगोलाकडे, आणि त्याच्याही वर पवित्र त्रैक्य आहे. त्यांच्या पायांजवळ बाळ येशूची छोटी मूर्ती आहे. ज्याच्या नावाचे हे चर्च, त्याची मूर्ती सर्वांत लहान! बेथलेहेमच्या गव्हाणीत देव जसा लहान होऊन आला, तसेच येथेही.

४. संताची समाधी

वेदीच्या उजव्या हाताच्या बाजूला संताची समाधी आहे. तिचे दोन भाग वेगवेगळ्या हातांनी घडवले आहेत.

वरची चांदीची पेटी १६३६ ते १६३७ या काळात गोव्याच्या सोनारांनी घडवली. तिची कल्पना इटलीहून आलेल्या मार्चेल्लो मास्त्रिल्ली या येशूसंघीय धर्मगुरूंची. ते पुढे जपानला गेले आणि १६३७ मध्येच तेथे विश्वासासाठी त्यांनी प्राण दिले. पेटीच्या बाजूंवर संताच्या जीवनातील ३२ प्रसंग कोरलेले आहेत. ती घडवणाऱ्या कारागिरांपैकी बहुतेकांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत. काम मात्र पावणेचारशेहून अधिक वर्षे टिकले आहे.

खालचा संगमरवरी चबुतरा इटलीतून आला. तोस्कानाचा ग्रँड ड्यूक तिसरा कोसिमो द मेदिची याला संताच्या डोक्याखाली ठेवलेली उशी भेट म्हणून मिळाली होती. त्या भेटीचे ऋण म्हणून त्याने हा चबुतरा पाठवला. फ्लॉरेन्सचा शिल्पकार जोव्हान्नी बात्तिस्ता फोज्जिनी याने तो घडवला, आणि त्या कामाला सुमारे दहा वर्षे लागली. सुटे भाग जहाजाने गोव्याला आले आणि १६९८ मध्ये जोडले गेले. ब्राँझच्या चार पट्ट्यांवर संताचे प्रवचन, बाप्तिस्मा देणे, छळातून सुटका आणि सँशियन बेटावरील मृत्यू दाखवला आहे. एका उशीच्या बदल्यात एवढे संगमरवर! हिशोबात हे बसत नाही. भक्ती हिशोबात बसत नाही, एवढेच खरे.

शवप्रदर्शनाची प्रथा कशी सुरू झाली, तेही जाणून घेण्यासारखे आहे. येशूसंघीयांना हाकलल्यावर अफवा उठली की त्यांनी जाताना संताचे शरीर नेले. लोकांची खात्री पटावी म्हणून १७८२ मध्ये शरीर प्रथमच सर्वांसाठी जाहीर दर्शनाला ठेवले. पुढे दर दहा वर्षांनी हा सोहळा होऊ लागला. गेला सोहळा २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ असा ४५ दिवस झाला. आता पुढचा २०३४ मध्ये येईल. दरवर्षीचा नोव्हेना मात्र २४ नोव्हेंबरला सुरू होतोच. सावंतवाडी, बेळगाव, कारवार या भागांतून लोक पायी येतात. आळंदी-देहूच्या पालख्या दरवर्षी पुण्यात पाहणाऱ्या आपल्याला पायी वारीचे मोल सांगायला नको. हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला आपले आजी-आजोबाही असेच चालत जात.

येथे दोन गोष्टी स्पष्ट सांगतो. पहिली, आपण संताची आराधना करीत नाही. आराधना एकट्या देवाची. संताचा आपण सन्मान करतो आणि त्याला आपल्यासाठी विनंती करायला सांगतो. जुन्या शरीराला जपण्यामागे एवढाच विश्वास आहे की देवाने हे शरीर वापरले, आणि तो एक दिवस सर्वांना उठवणार आहे.

दुसरी गोष्ट थोडी अवघड आहे. पण लपवून चालणार नाही. गोव्याच्या या काळाला सावलीही आहे. १५६० मध्ये तेथे धर्मन्यायालय स्थापन झाले आणि त्याने अनेकांना फार दुःख दिले. ते स्थापन व्हावे अशी मागणी संत फ्रान्सिस झेवियर यांनीही पोर्तुगालच्या राजाला १५४६ च्या पत्रात केली होती. संत हा आपल्या काळाचा माणूस असतो आणि त्याच्या प्रत्येक मताला ख्रिस्तसभा संतपद देत नाही. १२ मार्च २००० रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी रोममध्ये विश्वासाच्या नावाने झालेल्या बळजबरीबद्दल देवाकडे जाहीर क्षमा मागितली. आपल्या मुलांना शाळेत, कॉलेजात कोणी हा प्रश्न विचारला तर त्यांनी चिडू नये, गप्पही बसू नये. जे झाले ते झाले म्हणावे, त्याबद्दल आम्ही क्षमा मागितली आहे हेही सांगावे.

५. गिलावा कोणी काढला?

आता आजींच्या प्रश्नाकडे येऊ.

बॉम जीझसच्या भिंतींवर पूर्वी चुन्याचा गिलावा होता. जुनी छायाचित्रे पाहिली तर ते शेजारच्या चर्चसारखेच फिक्या रंगाचे दिसते. १९५० च्या सुमारास, पोर्तुगीज राजवटीतच, बाल्ताझार कास्त्रो या पोर्तुगीज वास्तुविशारदाच्या देखरेखीखाली हा गिलावा उतरवला गेला. त्या काळी पोर्तुगालमध्ये जुन्या इमारतींवरचे वरचे थर काढून आतला दगड उघडा करण्याची पद्धत होती. उघडा दगड अधिक प्राचीन, अधिक अस्सल दिसतो, असे त्यांना वाटे.

म्हणजे जो लाल रंग पाहून आपण 'किती जुने चर्च!' असे म्हणतो, तो रंग पाऊणशे वर्षांचा आहे. चर्च चारशे वर्षांहून जुने, पण त्याचे हे रूप आपल्या आजींच्या वयाचे!

गोव्यात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. पाणी पिणारा जांभा चार महिने उघड्यावर भिजतो, नंतर उन्हात वाळतो. दगडाची माती हळूहळू सुटते. म्हणून बॅसिलिकेचे प्रमुख धर्मगुरू आणि काही वास्तुविशारद यांनी अलीकडच्या वर्षांत जाहीर मागणी केली आहे की भिंतींना पुन्हा चुन्याचा गिलावा करावा. २०२० मध्ये टाळेबंदीच्या काळात छताच्या दुरुस्तीचे काम रखडले, आणि पावसाळा तोंडावर आला, तेव्हा ही काळजी सर्वांच्या कानांवर आली. चर्च १९८६ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे. त्यामुळे कोणताही बदल करायचा तर अभ्यास आणि परवानग्या लागतात.

दुसऱ्या बाजूचेही म्हणणे आहे आणि ते हसण्यावारी नेण्यासारखे नाही. दोन-तीन पिढ्यांनी हे चर्च लालच पाहिले. त्यांच्या लग्नाच्या फोटोत, आईवडिलांबरोबरच्या पहिल्या यात्रेच्या आठवणीत ते लाल आहे. पांढरे केले तर ते 'आपले' वाटेल का? शिवाय गिलावा करायचा तर तो जाणत्या हातांनी, चुन्याचाच हवा. सिमेंट लावले तर भिंतीतला ओलावा आतच कोंडतो आणि नुकसान वाढते. चुना भिंतीला श्वास घेऊ देतो. निर्णय जाणकारांनी करावा. आपण त्यातून काय शिकायचे, एवढेच आम्ही येथे पाहणार आहोत.

६. गिलावा म्हणजे ढोंग का?

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्हांला एक सवय लावली गेली. एखादा शब्द सोपा वाटला की थांबायचे आणि त्याच्या पोटात दोन अर्थ तर नाहीत ना, हे पाहायचे. 'झाकणे' हा तसा शब्द आहे. आपण लबाडी झाकतो आणि आपण बाळालाही झाकतो. पहिले झाकणे खोटे लपवण्यासाठी, दुसरे झाकणे जिवंत गोष्ट राखण्यासाठी.

प्रभू येशूने परुश्यांना चुना लावलेल्या कबरींची उपमा दिली, हे आपण शुभवर्तमानात ऐकतो. बाहेरून पांढरे, आत कुजलेले. यहेज्केल संदेष्ट्यानेही कच्च्या भिंतीला चुना फासणाऱ्यांना फटकारले आहे. मग कोणी म्हणेल, बायबल गिलाव्याच्या विरुद्धच आहे! पण नीट पाहा. संदेष्ट्याचा राग चुन्यावर नाही. मुळात नीट न बांधलेल्या भिंतीला चुना फासून ती पक्की असल्याचे भासवण्यावर त्याचा राग आहे. प्रभूचा रागही आतल्या कुजण्यावर आहे. बॉम जीझसची भिंत कच्ची नव्हती. तिचा गिलावा काही लपवत नव्हता. तो भिंतीच्या वतीने पाऊस अंगावर घेत होता आणि झिजत होता. तो झिजावा आणि दगड राहावा, हेच त्याचे काम होते.

हे आम्ही का सांगतो? कारण धर्मग्रामात घरोघरी फिरताना एक वाक्य आम्ही वारंवार ऐकतो. "फादर, श्रद्धा मनात आहे. रोज जपमाळ म्हटलीच पाहिजे, रविवारी मिस्सेला आलेच पाहिजे, असे थोडेच आहे? ते सगळे बाहेरचे." बोलणारी माणसे प्रामाणिक असतात. नोकरी हिंजवडीला, रविवारीसुद्धा शिफ्ट, मुलांचे क्लास. त्यांना ढोंग नको असते. सवयीने, लोकांना दाखवायला केलेल्या धर्माचा त्यांना कंटाळा आलेला असतो, आणि त्यात काही चूक नाही. म्हणून ते वरचा थर काढतात आणि म्हणतात, आता खरा दगड दिसतो.

सुरुवातीला तसे दिसतेही. गिलावा काढल्यावर पहिल्या वर्षी भिंत सुंदरच दिसली असेल. झीज एका पावसाळ्यात कळत नाही. ती वीस-तीस पावसाळ्यांनी कळते. आईवडिलांच्या मनात श्रद्धा घट्ट असते. कारण त्यांच्या लहानपणी गावच्या घरात संध्याकाळी दिवा लागला की सगळे मिळून प्रार्थनेला बसत. त्या प्रार्थनेचा गिलावा त्यांच्यावर चढलेला आहे. पण मुलांनी ती संध्याकाळ पाहिलेलीच नाही. त्यांच्या वाट्याला उघडी भिंत आली. मग एखादे दुःख येते, घरात मृत्यू येतो, नोकरी जाते, आणि पाऊस थेट दगडावर पडतो. अशा वेळी "आमच्या मुलाचा विश्वास का गेला?" असे विचारत आईवडील आमच्याकडे येतात. तेव्हा उत्तर देणे आम्हांला फार जड जाते.

संध्याकाळची दहा मिनिटांची प्रार्थना, जेवणापूर्वी केलेली क्रुसाची खूण, रविवारची मिस्सा, वर्षातून निदान दोन-तीनदा केलेले पापनिवेदन, एखादी यात्रा. या गोष्टी म्हणजे विश्वास नव्हे, हे कबूल. गिलावा म्हणजे भिंत नव्हे. पण भिंत टिकते ती गिलाव्यामुळे.

आणि गिलावा एकदाच करून भागत नाही. गावाकडे मातीची भिंत दरवर्षी सारवावी लागते. शहरात आपण स्लॅबला पावसाळ्यापूर्वी वॉटरप्रूफिंग करतो आणि चार वर्षांनी पुन्हा करतो. बाप्तिस्मा झाला, पहिला ख्रिस्तप्रसाद झाला, लग्न चर्चमध्ये झाले, आता झाले सगळे, असे नसते. दर वर्षी पाऊस येतो, म्हणून दर वर्षी हात फिरवावा लागतो.

उलट बाजूही सांगायला हवी. आत दगडच नसेल तर नुसत्या गिलाव्याची भिंत उभी राहत नाही. तोंडाने जपमाळ आणि मनात शेजाऱ्याविषयी वैर, असे असेल तर ते प्रभूने सांगितलेल्या कबरीसारखेच होईल. म्हणून प्रार्थना करताना आपण आतली भिंतही तपासावी. कोठे भेग आहे? कोणाशी बोलणे तुटले आहे? भेग बुजवून मग गिलावा करावा. गवंडीही हाच क्रम पाळतो.

७. यात्रेला जाणाऱ्यांसाठी

१. प्रथम बाहेर दोन मिनिटे उभे राहा. भिंत खालून वर वाचा. मुलांना वसईचा काळा दगड शोधायला सांगा.

२. जांभ्याला हात घासू नका, त्यावर नावे कोरू नका. तो दगड आधीच झिजतो आहे.

३. खांदे आणि गुडघे झाकतील असे कपडे घाला. मिस्सा चालू असताना मोबाइल आणि फोटो नकोत.

४. आधी वेदीसमोर गुडघे टेका, मग संताच्या समाधीकडे जा. क्रम महत्त्वाचा आहे.

५. ज्यांना प्रकृतीमुळे किंवा खर्चामुळे जाणे जमत नाही, त्यांनी मनाला लावून घेऊ नये. सणाच्या दिवशी आपल्याच चर्चमध्ये या. येशूचे नाव येथेही तेच आहे.

घरी विचार करण्यासाठी

अ) आपल्या घरात पूर्वी असलेली कोणती धार्मिक सवय गेल्या काही वर्षांत 'बाहेरची' म्हणून गळून पडली? तिच्याबरोबर आणखी काय गेले?

आ) आपल्या विश्वासाच्या भिंतीत आज कोठे भेग आहे?

इ) या आठवड्यात घरातील सर्वजण मिळून रोज दहा मिनिटे प्रार्थनेला बसू शकतील अशी वेळ कोणती?

अंगणातल्या त्या आजी आता यात्रेला येऊ शकत नाहीत. गुडघे साथ देत नाहीत. पण गेल्या महिन्यात आम्ही त्यांच्या घरी ख्रिस्तप्रसाद घेऊन गेलो, तेव्हा नातू शेजारी बसून जपमाळ म्हणत होता. अडखळत होता, मधेच मोबाइलकडे पाहत होता. आजी त्याला रागावल्या नाहीत. त्या फक्त पुढचा मणी त्याच्या बोटात सरकवत होत्या. सारवणाचा हात असाच असतो.

संत फ्रान्सिस झेवियर, आमच्यासाठी विनंती करा. प्रभू तुम्हां सर्वांना व तुमच्या घरादारांना आशीर्वाद देवो.

तुमचे धर्मगुरू